पोत्याचा बैल

किसनरावांनी रिकाम्या पोत्यांचा ढीग निकिताच्या शिलाई मशीनपुढे टाकला आणि म्हणाले, "बैल कराचा आहे."

निकिताला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चुकलं. ती उमरखेडची. माहेरी 'मला' आणि 'कशाला' म्हणत वाढलेली, इथे सगळे 'मले' आणि 'कायले' म्हणणारे. या घरात येऊन तिला दुसरं वर्ष लागलं होतं, तरी सासऱ्यांचं तोंडातल्या तोंडात बोलणं तिला कधीकधी दोनदा ऐकावं लागे. पण किसनराव दुसऱ्यांदाही तेच बोलले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढरकवड्यात, तालुक्याच्या गावी, मुलांची मिरवणूक निघते. यंदा त्या मिरवणुकीत मोठ्यांसाठीही वेशभूषेची स्पर्धा ठेवली होती. नियम एकच. विकत काही आणायचं नाही, घरात टाकून दिलेल्या आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंचंच सोंग करायचं. किसनरावांनी हे कृषी केंद्रात ऐकलं होतं आणि तिथूनच ते मनाशी काहीतरी ठरवून आले होते.

"आत दोन माणसं राहतील," ते म्हणाले. "एक समोर, एक मागं. तुले जमते न?"

जमण्याचा प्रश्न नव्हता. निकिताने ड्रेस डिझायनिंगचा कोर्स केला होता आणि गावात आल्यापासून ब्लाऊज आणि शाळेच्या गणवेशांपलीकडे तिच्या हाताला काही लागलं नव्हतं. पोत्यांकडे पाहतानाच तिच्या डोक्यात मापं सुरू झाली होती. पण तिच्या तोंडून 'हो' निघेना. कारण या घरात गेल्या दीड-दोन महिन्यांपासून बैल हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं.

आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या, सुमाराला घरची बैलजोडी विकली गेली होती. कोसा आणि हरण्या. किसनराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला होते, धाकटा नयन, निकिताचा नवरा, मित्राच्या गावी गेला होता, आणि थोरल्या रजतने जोडी गाडीत चढवून वणीच्या बाजारात नेली. दोन दिवसांनी किसनराव डोळ्याला हिरवी पट्टी लावून घरी आले, गोठ्यात गेले, रिकाम्या दावणीपाशी उभे राहिले आणि परत येऊन खाटेवर पडले. त्या दिवसापासून नयन रजतशी बोलत नव्हता. महिन्याभराने अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला. रजत कोणाशीच फारसा बोलत नव्हता. त्याची बायको बबिता तिच्या माहेरी, वणीला, राहायला जाण्याची भाषा करू लागली होती, आणि पोळा झाला की वाटणीचं बोलायचं असं कोणीतरी कोणाला तरी सांगितल्याचं निकिताच्या कानावर आलं होतं.

अशा घरात बैल करायचा होता.

तिने रात्रीच्या जेवणाआधी नयनला विचारलं. तो म्हणाला, बाबांनी सांगितलं ना, मग करून टाक. समोरच्या पायांत तो स्वतः राहील, मागे तांड्यावरचा त्याचा मित्र देवीलाल. त्याच्या आवाजात एक प्रकारचा आनंद होता आणि तो निकिताला आवडला नाही. पांढरकवड्याच्या चौकात सगळ्यांना दिसू दे, तो म्हणाला, ज्याच्या घरातले खरे बैल गेले त्याच्या घरचा बैल.

सासूबाईंनी, शकुबाईंनी, उलटच सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या की बैल नाही तर नाही, त्याचं सोंग कशाला. "त्याईले सांगून दे, मशीन बिघडली म्हून."

निकिताने मशीन बिघडल्याचं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कामाला सुरुवात केली.

सांगाडा कशाचा करायचा यावर तिचा बराच विचार चालला. तुराट्या हलक्या, पण वाकवल्या की मोडतात. बांबू जड. गोठ्याच्या मागे ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं उन्हात तडकत पडलं होतं, ते तिने ओढून आणलं. नळी वाकते, मोडत नाही, आणि वजन तर काहीच नाही. नळ्यांची कडी करून तिने बरगड्यांसारखी एकामागे एक मांडली, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली आणि आतून खांद्यावर घ्यायला जुन्या ओढणीचे पट्टे लावले. वरून युरियाची पांढरी पोती, उलटी करून, म्हणजे छापलेली बाजू आत जाईल. ती पोती उसवून, धुऊन, दोरीवर वाळत घातली तेव्हा येणारेजाणारे विचारू लागले की एवढं कशाचं चाललंय. निकिता म्हणायची, मिरवणुकीचं. पुढे काय सांगायचं हे तिलाच कळत नसे.

पहिलं तोंड बिघडलं. खोक्याचा पुठ्ठा घडी घालून त्यावर तिने कागदाचा लगदा चढवला, वाळल्यावर बैलाऐवजी गाढव तयार झालं. ते तिने ओसरीवर ठेवलं होतं आणि बबिता पाणी भरून येता येता थबकली. बबिता महिन्याभरात हसली नव्हती. आता घागर कमरेवर तशीच ठेवून हसत सुटली.

"डोळे समोर लावले तू," ती म्हणाली. "बैलाले डोळे बाजूनं असतात. माणसासारखा समोर पाहत नाई थो."

मग ती घागर ठेवून बसलीच. डोळे खाली, बाजूला सरकवले. भुवयांना फड्याच्या, म्हणजे केरसुणीच्या, काड्या, कानांना जुन्या चपलांचे तळ, त्यांना आतून गुलाबी अस्तर. शेपूट सुतळीची वेणी घालून. झुलीसाठी कापसाच्या बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या जमवल्या, प्रत्येकीवर फुटलेल्या बोंडाचं चित्र, आणि ती बोंडं ओळीने येतील अशी बबिताने जोडली. दोघी जावा दुपारभर अशा बसल्या की निकिता सुखावून गेली. पण मधेच बबिता सुई थांबवून म्हणाली, "तू हे त्याईले खाली पाहाले लावाले नाई करून राह्यली न?"

त्याईले म्हणजे रजतला. निकिताने नकारार्थी मान हलवली. बबिताने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा टाके घालायला लागली. मग हळू आवाजात सांगितलं की ट्रॅक्टरचं पहिल्यांदा नयननेच काढलं होतं, उन्हाळ्यात, शेतात, दोघं भाऊ असताना. तिने स्वतः ऐकलं होतं. आता तोच अबोला धरून बसला आहे.

हे निकिताला नवीन होतं. तिने नयनला विचारावं असं ठरवलं, आणि विचारलं नाही. कारण त्याच संध्याकाळी शकुबाई तिच्याजवळ येऊन बसल्या, पोत्याच्या दोऱ्या ओढून काढू लागल्या आणि भलतंच बोलल्या. हरण्याने चैत्रात किसनरावांना गव्हाणीशी दाबलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बैल कुठे उभा आहे ते कळलं नाही. बरगडीला मुका मार बसला, तो त्यांनी कोणालाच सांगितला नाही, फक्त तेल चोळायला बायकोला सांगितलं.

"मीच रजतले म्हटलं, हे घरी नसतील तवा घेऊन जाय," शकुबाई म्हणाल्या. "त्यानं मले काही विचारलं नाई. घेऊन गेला. आता कोणाले सांगू नोको."

"आई, मग तुम्ही हे बाबांना सांगा की."

"सांगून काय करू? त्याईले वाटन, बायकोनं आंधळं समजलं."

निकिताला त्या रात्री घरातली सगळी माणसं नव्याने मोजावीशी वाटली. नयनच्या मते दोष रजतचा. बबिताच्या मते सुरुवात नयनची. सासूबाईंच्या मते त्यांची स्वतःची. तिघेही खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. तरी या तिन्ही गोष्टी एका घरात मावत कशा नाहीत, ते कळत नव्हतं. आणि ज्याच्यावर सगळं येऊन पडलं होतं, तो रजत, यातलं काहीच बोलत नव्हता.

किसनराव रोज काम पाहायला येत. आधी लांबून, मग स्टूल घेऊन जवळ. वशिंड कुठे येतं ते त्यांनी स्वतःच्या मानेमागे हात ठेवून दाखवलं. जुन्या उशीतला कापूस निकिताने तिथे भरला तर म्हणाले, जास्त झाला, इतकं नसते. गळ्याखाली लोंबती कातडी हवी, तिच्याशिवाय बैल बैल दिसत नाही. त्यासाठी तिने फाटक्या मच्छरदाणीच्या झालरी शिवल्या, त्या त्यांना आवडल्या. शिंगं तिने पाण्याच्या पाइपच्या तुकड्यांवर कागद गुंडाळून केली होती, दोन्ही अगदी सारखी, आणि तिला त्यांचा अभिमान होता. किसनरावांनी डावं शिंग हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं.

"हे आत वळव," ते म्हणाले. "डोळ्याकडे. एवढं."

त्यांनी बोटांनी दाखवलं. निकिताने शिंग पुन्हा भिजवून वळवलं आणि वाळायला ठेवताना तिच्या लक्षात आलं की हरण्याचं डावं शिंग असंच होतं. गेल्या पोळ्याला, तिच्या या घरातल्या पहिल्या पोळ्याला, तिने भीतभीत त्याच शिंगाला बेगड लावली होती.

तिला वाटलं, मग आता खुंटीवरची खरी घुंगरमाळही काढावी. तिने विचारलं तेव्हा किसनराव एकदम ताठ झाले. "ते खऱ्याचं आहे," म्हणाले. "याले लावाचं नाई." शेवटी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून, भोकं पाडून तिने माळ केली. ती वाजायची, पण पत्र्यासारखी. हुबेहूब हरण्या हवा आणि हरण्याची माळ मात्र नको, याचा अर्थ तिला लागेना.

शिंग वाळलं त्या दिवशी रजत ओसरीवर आला. तो तिच्याशी क्वचितच बोलायचा, भासऱ्याने धाकट्याच्या बायकोशी जपून बोलावं अशी या घराची रीत होती. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. भिंतीला टेकवलेल्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "शिंग तसं कराले कोणी सांगतलं?"

"बाबांनी."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला आणि गेला. काय ठीक होतं ते निकिताला समजलं नाही. संध्याकाळी बबिताने कपड्यांची पेटी काढून पलंगावर ठेवली. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वणीला जायचं, असं रजतने सांगितलं होतं, आणि या वेळी बबितालाच ते नको होतं. ती निकिताजवळ येऊन म्हणाली, जायचं जायचं मीच म्हणत होते, पण असं नाही.

तेव्हा निकिताने धीर केला. किसनराव गोठ्यापाशी बसले होते, तिथे जाऊन तिने सरळ विचारलं. "बाबा, हा बैल कशासाठी करतोय आपण? दादांना वाटतंय की त्यांना लाजवायला."

किसनरावांनी नवा चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा घातला.

"त्याले राग यावा म्हून नाई," ते म्हणाले. मग थांबून, "न यावा म्हून बी नाई. पोळ्याले दाव्याले काही तरी असलं पाहिजे, एवढंच मले समजते. बाकीचं मले बी समजून नाई राह्यलं, बाई."

निकिता परत आली आणि बैलाच्या पोटाखालची शिवण पक्की करत बसली. सासऱ्यांनाच माहीत नाही म्हटल्यावर तिला आणखी भीती वाटायला हवी होती. उलट तिला थोडं बरं वाटलं, आणि तेही का ते तिला सांगता आलं नसतं.

पोळ्याच्या दिवशी किसनराव, गावच्या जोड्या जमतात त्या तोरणाखाली गेले नाहीत. गावातल्या जोड्या वाजतगाजत घरासमोरून गेल्या तेव्हा ते आतल्या खोलीत होते. रजतने ट्रॅक्टर धुऊन ठेवला होता, पण त्याला कुंकू कोणी लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल ट्रॉलीत चढला. ट्रॉली ओढायला तो ट्रॅक्टरच होता आणि ट्रॅक्टर नीट चालवणारा रजतच, त्यामुळे तोही आला. शकुबाई गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिल्या. निघताना निकिताने त्यांना वाकून नमस्कार केला तर त्या म्हणाल्या, जा, लोकांना हसवून या.

पांढरकवड्यात गर्दी मावत नव्हती. चिमुकली पोरं लाकडी बैलांना दोरी बांधून ओढत होती. मोठ्यांच्या सोंगांत पाण्याच्या बाटल्या कापून केलेला मोर होता, वर्तमानपत्राची नऊवारी नेसलेली एक बाई होती, वेफर्सच्या पाकिटांचा झगमगता राजा होता. निकिता भान हरपून पाहत होती. बाटलीचे तळ कसे फुलासारखे कापले आहेत, पाकिटं आतून उलटवून रुपेरी बाजू कशी वर घेतली आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण फक्त एक कपडा शिवला आहे आणि तो आता चांगला दिसला म्हणजे झालं.

मग नयनचा फोन वाजला. देवीलालच्या बायकोला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो येऊ शकत नव्हता.

नयन समोरचा भाग अंगावर चढवून उभा होता. मागचा अर्धा बैल रिकामी पोती होऊन जमिनीवर लोळत होता. त्याने ओळखीच्या एकदोघांना विचारलं, ते हसून बाजूला झाले. पुढची मंडळं सरकू लागली. रजत ट्रॅक्टरच्या सीटवर पाठ करून बसला होता.

"निघून चाला," नयन म्हणाला. "नाई होत."

किसनरावांनी टोपी काढून निकिताच्या हातात दिली, चष्मा दिला, आणि कोणाला काय चाललंय ते कळायच्या आत वाकून मागच्या पोत्यांत शिरले. निकिता म्हणाली, बाबा, नका, कमरेत वाकावं लागेल. पोत्यांतून आवाज आला, "चाल रे नयन." बैल उठला. पुढे जीन्स घातलेले दोन भक्कम पाय, मागे धोतरातल्या दोन काटक्या. चार पावलं गेली आणि मागचे पाय अडखळले. बघणाऱ्यांत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, बैल म्हातारा झाला.

निकिताने ट्रॅक्टरकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

रजत तिच्या बाजूने पुढे गेला, खाली बसला आणि पोत्याची कड उचलून आत काहीतरी बोलला. काय ते तिला ऐकू आलं नाही. किसनराव बाहेर आले, घामाने भिजलेले, केस विस्कटलेले. रजत आत शिरला. बबिता तिच्या शेजारी येऊन उभी होती, तिने निकिताचं मनगट घट्ट धरलं होतं.

मिरवणूकभर निकिता बैलाच्या बाजूने चालत राहिली. किसनराव कासरा धरून पुढे. आतून आधी काहीच आवाज नव्हता. दोघांच्या ढांगा जुळत नव्हत्या, नयन डावा टाकी तेव्हा रजतही डावा टाकी, आणि सगळा बैल एका अंगाला कलून लंगडायचा. माइकवरच्या माणसाने त्यावर काहीतरी विनोद केला. चौक ओलांडताना हमरस्त्याकडून एका ट्रकचा कर्कश भोंगा आला आणि बैल जागच्या जागी दचकून थांबला. तेव्हा आतून रजतचा आवाज आला, दबका. "उजवा. तू उजवा टाक, मी डावा टाकतो." त्यानंतर बैल बरा चालला. नयनने उत्तर दिलं की नाही, हे बाहेरून समजण्यासारखं नव्हतं.

बक्षीस मोराला मिळालं. ते योग्यच होतं, असं निकिताला वाटलं. बैल ट्रॉलीत चढवताना दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहिले, एकमेकांकडे न पाहता. रजत तोंड धुऊन सीटवर बसला. नयन ट्रॉलीत, मागच्या फळीला टेकून. निकिताने त्याला विचारलं, आत काय बोललात? तो म्हणाला, काही नाही. ती पुढे विचारणार होती, पण त्याचे डोळे लाल होते. आत पोत्यांची धूळ होती, उकाडा होता. तेवढ्यानेही डोळे लाल होतात. बबिता पेटीबद्दल काहीच बोलली नाही आणि निकितानेही विचारलं नाही. सगळा रस्ता तिला वाटत राहिलं की काहीतरी झालं आहे आणि ते आपल्या नजरेतून सुटलं आहे.

गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळापाशी, किसनरावांनी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला. उन्हं कलली होती, देवळाच्या पारावर दोनचार माणसं बसली होती. किसनराव खाली उतरले.

"बैल दाराशी पायी येते," ते म्हणाले. "ट्रॉलीत बसून नाई."

इंजिन चालूच होतं. रजत समोर पाहत होता. पांढरकवड्यात अडचण होती, म्हाताऱ्या बापाचे पाय अडखळत होते. इथे तसं काहीच नव्हतं. इथे नाही म्हणता येत होतं. निकिताच्या मनात आलं, मीच म्हणावं, बाबा, शिवण उसवली आहे, राहू द्या. शिवण खरंच एका जागी उसवली होती.

नयनने ट्रॉलीतून बैल उतरवला. समोरचा भाग अंगावर घेतला. मग मागची पोती एका हाताने उचलून धरली, दार धरावं तशी, आणि तसाच उभा राहिला. तो रजतकडे पाहत नव्हता.

रजतने चावी फिरवली. इंजिन बंद झालं तेव्हा सगळीकडे एकदम शांत वाटलं. तो उतरला, चपला काढून ट्रॉलीखाली ठेवल्या आणि वाकून आत गेला.

घरापर्यंतचा रस्ता चिखलाचा होता. किसनराव पुढे, बैल मागे, त्याच्या दोन बाजूंना दोन सुना. झाकणांची माळ खुळखुळत होती. काही घरांतून बायका बाहेर येऊन पाहत होत्या, पण कोणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर निकिताला दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष घराच्या दाराकडे लागलं होतं. दार लोटलेलं होतं. सोंग कशाला, असं शकुबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, आणि आता त्या सोंगात त्यांची दोन्ही मुलं होती. बाहेर आल्यावर त्या काय म्हणतील, बोलतील की दार लावून घेतील, याचा तिला अंदाज येईना.

बैल दारात थांबला. किसनरावांनी हाक मारली नाही, ते नुसतेच कासरा धरून उभे राहिले.

शकुबाई बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात ताट. ताटात कुंकू, दिवा, दोन पुरणपोळ्या. पोळा काल होऊन गेला होता आणि काल घरात पुरण शिजलं नव्हतं. हे त्यांनी आज, सगळे गेल्यावर, एकट्याने केलं होतं. त्यांनी बैलाकडे नीट पाहिलं, तोंडापासून शेपटापर्यंत. आत वळलेल्या शिंगावर त्यांची नजर थोडी थांबली.

आत नयन हलला, बाहेर यायला निघाला असावा.

"उभे राहा," शकुबाई म्हणाल्या.

ताट त्यांनी निकिताच्या हाती दिलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून खाली बसल्या. पुढच्या दोन पावलांवर पाणी घातलं, हाताने चिखल चोळून काढला. मग बसल्या बसल्या मागे सरकल्या. रजतचे पाय अनवाणी होते, घोट्यापर्यंत माखलेले. तिथे त्यांना जास्त वेळ लागला. तांब्यातलं पाणी संपलं, बबिता धावत जाऊन दुसरा भरून घेऊन आली, त्याच पायांवर तेही ओतलं.

बैलाची पाठ थरथरत होती. नळ्यांची कडी एकमेकींवर घासून बारीक आवाज करत होती. आत कोणी हसत होतं की रडत होतं, एक जण की दोघं, निकिताला सांगता येईना. तिने किसनरावांकडे पाहिलं. ते कासरा धरून तसेच उभे होते आणि त्यांनाही ते कळत नसावं.

शकुबाई उठल्या. बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, दिवा ओवाळला, आणि एक पोळी उचलून तोंडापुढे धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गळ्याखालच्या झालरीतून नयनचा हात बाहेर आला. त्याने पोळी घेतली आणि हात आत गेला.

"घे," आतून आवाज आला.

"तू खाय आधी."

"घे न, दादा."

शकुबाईंनी ताटातली दुसरी पोळी उचलली आणि पुन्हा हात बाहेर येण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.